आवाज काढून घेतलेली गाडी

माझ्या नवऱ्याची गाडी कॉलनीच्या कमानीतून आत शिरली की आमच्या मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींवर वाजायला लागायच्या. सासू चहाचं आधण ठेवायची. माझे बाबा खाटेवर कुशीला वळून कानावर उशी घ्यायचे. आणि मी बादली भरायला जायची, कारण गाडी आली की ती धुणं हे माझं काम होतं.

आम्ही माजरीला, खाणीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. क्वार्टर मूळचं बाबांचं. छातीत कोळशाची धूळ बसून ते कामातून गेले तेव्हा त्यांच्या जागी मला नोकरी लागली, आधी स्टोअरमध्ये आणि मग वर्कशॉपमध्ये. बाबांना सोडून मी कुठे जाणार नव्हते, म्हणून लग्नानंतर नवराच आमच्याकडे राहायला आला. पुढे चिमूरकडच्या खेड्यातून त्याची आईही आली. तो ट्रकांची दलाली करायचा. काम असेल तेव्हा असायचं, नसेल तेव्हा गाडी असायची.

ती गाडी त्याने नागपूरहून जुनी आणली होती. परदेशी बनावटीची, दोन दारांची, जमिनीला टेकलेली, लालभडक. पक्का पगार माझा, त्यामुळे कागदपत्रं माझ्या नावावर झाली. पण वर्कशॉपची जीप रोज चालवणाऱ्या मला त्याने त्या गाडीच्या स्टिअरिंगला कधी हात लावू दिला नाही.

दर रविवारी तो अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये तिच्यावर काहीतरी करत बसायचा. मेकॅनिककडे न्यायचा नाही. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा आणि त्यात बघून कापायचा, भोकं पाडायचा, चिकटवायचा. बॉनेटवर हवा ओढणारं नाक बसवलं, ते खोटंच होतं; खाली भोकच नव्हतं. मागे फायबरचा पंख नटबोल्टने आवळला. दोन्ही दारांवर वाघाच्या पंज्याचे ओरखडे चिकटवले, पोटाखाली निळे दिवे लावले. जॅक लावायला, पाने हातात द्यायला, बॅटरी धरायला मी असायची. एकदा मित्रांसमोर तो म्हणाला, की बायकोच्या अंगाला कोळशाचा वास येतो, पण गाडी चांगली धुते. मित्र हसले. मी बादलीतलं पाणी ओतत राहिले. त्या वेळी माझ्या दुसऱ्या हातात मोठा पाना होता, एवढं मला अजून आठवतं.

मग त्याने सायलेन्सर काढला. मागचे दोन्ही डबे कापले, धूर गाळणारा मधला डबाही फेकला आणि इंजिनपासून मागच्या बंपरपर्यंत सरळ पाईप जोडला. त्याच्या टोकाला लोट्याएवढं चकचकीत तोंड बसवलं. गाडी सुरू केली तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधलं तान्हं मूल किंचाळून उठलं. तो मात्र डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, ताडोब्यातल्या वाघालाही असा आवाज काढता येत नाही.

शेड बाबांच्या खोलीच्या खिडकीला लागून होती. थंडीत तो सकाळी गाडी सुरू करून ठेवायचा आणि आत येऊन चहा प्यायचा. खिडकी लावली तरी धूर फटीतून आत यायचाच. बाबांना आधीच श्वास पुरायचा नाही. ते खाटेच्या कडेला बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, तोंडाने हवा ओढायचे. त्यांनी जावयाला फक्त एकदा सांगितलं, तेही हात जोडून, की गाडी जरा कमानीपाशी नेऊन गरम करत जा. तो उठला. बाहेर गेला आणि खिडकीला मागची बाजू लावून त्याने ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

मी धावत गेले. काच ठोठावली. त्याने ती दोन बोटं खाली केली.

"तुह्या बापाले सांग, कानात कापूस घाल," तो म्हणाला.

त्याच हिवाळ्यात बाबा गेले. डॉक्टर म्हणाले, छाती कधीचीच संपली होती. असेल. मला त्यावर कुणाशी वाद घालायचा नव्हता तेव्हा, आताही नाही. पण शेवटच्या महिन्यात त्यांना एक सकाळ शांत मिळाली नाही, हे मी पाहिलं होतं आणि ते पाहायला मला डॉक्टर लागत नव्हता.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मांडव होता. खाणीतले लोक, नातलग, सगळे पांढऱ्या कपड्यांत खाली बसले होते. भंतेजींनी वंदना सुरू केली. सगळे एका सुरात म्हणू लागले आणि तेवढ्यात कमानीकडून तो आवाज आला. नवरा गाडी घेऊन थेट मांडवापर्यंत आला. थांबल्यावरही त्याने बंद केली नाही. कुणाशी तरी त्याचा फोन चालला होता. लोक तोंडाने वंदना म्हणत होते, पण शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येत नव्हतं. भंतेजी थांबले आणि डोळे मिटून बसून राहिले. तो फोनवर हसत होता. बाबांच्या फोटोपुढची मेणबत्ती विझली, ती वाऱ्याने असेल किंवा धुराने, पण मी ती पुन्हा लावायला उठले तेव्हा माझ्या मनात बाबा नव्हते. मी ठरवत होते की ह्या माणसाचं मी काय करीन.

मला काही करायच्या आधी तोच गेला. होळीच्या सुमारास गाडीची क्लच प्लेट जळली. ती शेडमध्ये उभी राहिली आणि हा मित्राच्या जीपमध्ये कपडे टाकून आरमोरीला निघून गेला. तिकडे धानाच्या व्यापारात भागी मिळाली म्हणाला. थोड्याच दिवसांत कळलं की तिकडे एक बाईही आहे. मला रडू आलं नाही. सासूला आलं. तिने आपलं जुनं लुगडं काढून गाडीवर पांघरलं आणि मला बजावलं की माझ्या पोराची वस्तू आहे, तिला कुणी हात लावायचा नाही.

तिचं मन फिरलं ते तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. मोतीबिंदूचं होतं, चंद्रपूरला. आदल्या दिवशी तिने मुलाला फोन केला आणि ये म्हणाली. तो म्हणाला, सवड नाही. मग त्याने विचारलं, गाडीवर कव्हर आहे ना, उंदीर वायरी तर खात नाहीत ना. सासूने फोन ठेवला. मीच तिला दवाखान्यात नेलं आणि आणलं. पट्टी सुटली त्या सकाळी मी उठून पाहते तर ती शेडमध्ये उकिडवी बसली होती आणि भाजी चिरायच्या सुरीने दारावरचा वाघाचा पंजा खरवडत होती.

"माय, काय करून राह्यल्या?" मी विचारलं.

"दिसून राह्यलं आता मले," ती म्हणाली. "हे घाण पयले काढू."

पावसाळा लागायच्या आधी त्याचा फोन आला. आरमोरीच्या बाजूला एका गावी दिवाळीनंतर मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, पंचक्रोशीतले पाहुणे. त्या मंडईत ही गाडी त्याच्या भागीदाराच्या हवाली करायचं त्याने कबूल केलं होतं. सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं की गाडी नदीपलीकडे असतानाच ऐकू येईल. मी क्लच दुरुस्त करवून घ्यावा, ड्रायव्हर पाहून गाडी पाठवावी आणि सोबत सही केलेले कागद द्यावेत, असा हुकूम होता. मी म्हटलं, मीच घेऊन येते. तो खूश झाला. मला वाटतं तो समजला की मी अजून बादली घेऊनच उभी आहे.

त्या दिवसापासून माझ्या सुट्ट्या त्या शेडमध्ये गेल्या. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. बाबांच्या पाळीतले एक वेल्डर होते, त्यांना मी भाऊ म्हणायची. निवृत्तीला आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कारण वगैरे काही विचारलं नाही. दुसऱ्या रविवारी आपलं छोटं वेल्डिंग मशीन सायकलला बांधून आले. आधी आम्ही दोघांनी गिअरबॉक्स उतरवून क्लच बदलला. मग मी हॅकसॉ घेतली आणि तो फायबरचा पंख कापला. नट खोलूनही निघाला असता. पण मला कापायचा होता. पांढरा भुगा माझ्या केसांत, मानेवर बसत होता, अंग खाजत होतं, आणि करवतीच्या प्रत्येक ओढीला मला बरं वाटत होतं. तो तुकडा सासूने न्हाणीपुढे नेऊन टाकला आणि त्यावर कपडे आपटायला लागली.

खोटं नाक काढलं, रिव्हेटची भोकं बुजवली, पुट्टी भरली. सासू दुपारभर पाणी लावून पॉलिश पेपरने घासायची. मी ड्युटीवरून आले की मला हात फिरवायला लावायची आणि विचारायची, लागते का कुठी? लागलं तर पुन्हा घासायची. लाल रंग तिच्या हातांवरून ओघळायचा.

सायलेन्सरने मात्र दम काढला. सरळ पाईप मी मधून कापला. आम्ही खाणीच्या वर्कशॉपमधली, जाड पत्र्यांवर वेल्डिंग करणारी माणसं. पातळ पाईपला तसा हात लावला की भोकच पडायचं. भाऊंनी एक एक टिपका देऊन, थांबून, थंड होऊ देऊन जोडायला शिकवलं. धूर गाळणारा डबा नागपूरच्या भंगार बाजारातून आणला. मागचा डबा आम्ही स्वतः बनवला: आत भोकांचा पाईप, भोवती काचेची लोकर ठासून भरलेली, वरून पत्र्याचं कवच. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा ओरडणं गेलं, पण गाडी घुमायला लागली, विहिरीत भोवरा फिरवावा तशी. भाऊ म्हणाले, पुष्कळ झालं. मी म्हटलं, नाही. मधे आणखी एक डबा टाकला, रबरी टांगण्या बदलल्या, सांध्यांची गळती साबणाच्या फेसाने शोधून बंद केली.

मग एका सकाळी मी सासूला बाबांच्या खाटेवर बसवलं, खिडकी उघडी ठेवली, गाडीची मागची बाजू खिडकीला लावली आणि इंजिन सुरू केलं. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला.

"सुरू कर नं, काऊन थांबली?"

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडले. बाबा गेल्यावर रडले नव्हते ते सगळं तेव्हा निघालं. सासू बाहेर आली, दारात उभी राहिली, आणि परत आत गेली.

रंग पांढरा द्यायचा हे मी आधीच ठरवलं होतं. त्याला पांढऱ्या गाडीची किळस होती. मास्तरांची गाडी म्हणायचा. पण माजरीत पांढरा रंग देणं म्हणजे काय, हे माजरीत राहणाऱ्यालाच कळेल. भाड्याने कॉम्प्रेसर आणला, काचांवर कागद चिकटवले, पहिला हात मारला, आणि खाणीत सुरुंग उडाला. थोड्या वेळात ओल्या रंगावर काळे ठिपके बसले, जणू कुणी तीळ पेरले. सगळं पुन्हा घासावं लागलं. मग आम्ही श्रावणातल्या उघडिपीची वाट पाहिली, धूळ बसलेली आणि हवा कोरडी असेल अशी. सासूने घरातली होती नव्हती ती लुगडी, चादरी ओल्या करून शेडभोवती टांगल्या. शेजारणींनी त्यांच्या दिल्या. त्या ओल्या पडद्यांच्या आत, तोंडाला फडकं बांधून मी रंगाचा फवारा धरला होता आणि प्रत्येक फेरीला त्याचं लाल थोडं थोडं नाहीसं होत होतं. कुणाला हे वेड वाटेल. मला ते कुणाचा तरी गळा हळूहळू आवळल्यासारखं वाटत होतं, आणि मला ते आवडत होतं.

रंगबदलाची नोंद आरटीओत रीतसर करून घेतली. मला एकही फट ठेवायची नव्हती.

मंडईच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो. सासूने ठेवणीतलं पांढरं पातळ नेसलं. वरोरा, चिमूर, मग ब्रह्मपुरी. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये पेंढ्यांचे पुंजणे रचलेले होते. त्या गाडीत बसून माणूस बोलू शकतो हे सासूला नवीन होतं. ती वाटभर बोलत होती. वैनगंगेचा पूल ओलांडताना तिने काच खाली करून नदी पाहिली.

दुपार उतरताना आम्ही पोचलो. गावाबाहेरच्या बोडीच्या तळ्याकाठी पाळणे, मिठाईची दुकानं, बांगडीवाले. रस्त्याच्या तोंडाशी पानठेल्यावर तो उभा होता, नव्या शर्टात, भोवती पाच-सहा जण. मी गाडी त्यांच्यासमोरून नेऊन, वळवून त्यांच्या मागे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ आणून थांबवली. कुणी वळलं नाही. तो पुलाच्या दिशेला कान देऊन होता. एका हाताने सगळ्यांना गप्प करत सांगत होता की आता येईल, आता ऐका.

शेवटी त्याच्या भागीदाराचं लक्ष गेलं. त्याने ह्याला विचारलं, ही कोणाची गाडी? ह्याने मागे वळून पाहिलं. आपलीच गाडी पाहिली, वरून खाली. आणि म्हणाला, "असंल कोण्या मास्तरची."

सासू दार उघडून उतरली.

त्याने आईला पाहिलं. मग मला. मग पुन्हा गाडीला. त्याचा चेहरा मी इतक्या रविवारी, इतक्या भिंतींकडे बघत कल्पून ठेवला होता. खरा चेहरा त्याहून चांगला होता. तो गाडीभोवती फिरला. दाराला हात लावून पाहिलं. मागे जाऊन, नव्या शर्टासकट, मातीत गुडघे टेकून त्याने खाली वाकून पाहिलं.

"पाईप कुठी आहे?" तो म्हणाला. "माह्या गाडीचं काय केलं तुनं?"

मी उतरले. लग्नापासून मी त्याला तुम्ही म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं नाही.

"माह्या बापाच्या वंदनेत तुले हे बंद करता नाई आली," मी म्हटलं. "म्हणून म्या केली."

मी मोठ्याने बोलले नव्हते. पण गाडी चालू असूनही सगळ्यांना ऐकू गेलं.

भागीदार हसायला लागला. आधी थोडं, मग पोट धरून. म्हणाला, याच्यापेक्षा तर माझा ट्रॅक्टर जास्त बोंबलतो. बाकीचेही हसले. मला माझ्या अंगाच्या वासावर हसलेली ती माणसं आठवली. ही दुसरी होती, पण हसू तेच होतं, आणि आता ते त्याच्यावर पडत होतं. तो उठला. किल्ली दे म्हणाला. मी म्हटलं, कागद माझ्या नावाचे आहेत, पोलीस पाटलाला बोलाव. त्याने दाराकडे हात नेला तर सासू मधे उभी राहिली. एवढीशी बाई. त्याने हात मागे घेतला.

आम्ही लगेच निघालो नाही. सासू म्हणाली, मंडई पाहूनच जाऊ. आम्ही सगळ्या दुकानांपुढून हिंडलो, तिने शिंगाडे घेतले, मला बांगड्या भरायला लावल्या. जिथे जाऊ तिथे आमच्या आधी गोष्ट पोचलेली असायची. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. तो पानठेल्यावर तसाच उभा होता. नंतर कळलं की भागीदाराने त्याला वर्षभर मास्तर म्हणून हाक मारली आणि मग भागीही मोडली. ती बाईही कुठेतरी निघून गेली. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं असं माझी मैत्रीण म्हणते. मला वाटलं नाही. ते कळलं त्या दिवशी मी खीर केली होती.

लोक सांगतात की सूड घेतल्यावर माणूस रिकामा होतो. माझं तसं झालं नाही. राग अजून आहे, फक्त आता तो मला छळत नाही. घटस्फोट रीतसर झाला. गाडी मी ठेवली. खराब रस्त्याला कामाची नाही, पोट घासतं, पण ठेवली. रविवारी सासूला घेऊन कधी वरोऱ्याला बाजारात जाते, कधी भद्रावतीला.

मागच्या पावसाळ्यात तो आला होता. आईला भेटायला म्हणून, हातात केळी घेऊन. केस पांढरे व्हायला लागले होते. ती दोघं पुढच्या खोलीत बसली, मी स्वयंपाकघरात होते. जाताना पाऊस वाढला आणि त्याने आईला हळूच विचारलं की सुनेला म्हणून पाहा, स्टँडपर्यंत सोडते का. मी कणीक मळता मळता थांबले.

"तिले काऊन विचारू?" सासू म्हणाली. "फाट्यावर ऑटो भेटते."

त्याने चपला पायात सरकवल्या. मग तिने त्याला खुंटीवरची छत्री काढून दिली आणि वर बजावलं, की परत आणून दे.